बिनरंगाच्या काचा

मी एक जुना मायक्रोटोम आहे, म्हणजे पातळ काप काढणारं यंत्र, आणि मी जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. नका ठेवू. आजवर या कपाटासमोर जितकी मुलं उभी राहिली त्यांतल्या कुणीच ठेवला नाही, आणि माझं त्यावाचून काही अडलं नाही.

मित्रांनो, आधी जरा मागे सरका. काचेला नाक लावलंत की वाफ धरते आणि मला तुमची तोंडं दिसत नाहीत. तुमची बस चालवणाऱ्या हॉर्नताईंनी चार वाजेपर्यंतच वेळ दिला आहे, हे मला ठाऊक आहे. त्यांनी हॉर्न वाजवला की या रुग्णालयातले झोपलेले रुग्ण उठून बसतात आणि बसलेले चालत घरी जातात. तेव्हा भरभर सांगतो.

बाजूला स्टुलावर बसून विणकाम करताहेत ना, पांढऱ्या केसांच्या, त्या आमच्या ताई. त्यांनी अठ्ठावीस वर्षं माझं चाक फिरवलं. आता त्या निवृत्त झाल्या आहेत, पण शाळेची सहल येणार असली की मुद्दाम येऊन बसतात. मी बोलताना त्या मधूनच घसा खाकरतात. तिकडे लक्ष देऊ नका, हवा कोरडी आहे. आणि माझ्या पाठीमागे भिंतीवर एक फोटो आहे म्हणे, गेल्या महिन्यात रंगकाम झाल्यावर लावलेला. मला मान नाही, त्यामुळे वळून बघता येत नाही. पण या खोलीत फोटो लावण्याजोगं माझ्याशिवाय आहे कोण? माझाच असणार.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. ओतीव लोखंडाचा देह, पितळी कडा आणि उजव्या अंगाला हे भलंमोठं चाक. पण माझा खरा जीव आहे तो पोटातल्या एका स्क्रूत. तो घडवणारा कारागीर एका डोळ्याने अधू होता, म्हणून स्क्रूचा आटा सरळ आला की नाही हे तो जिभेने तपासायचा. खोटं वाटतं? त्याची जीभ शेवटपर्यंत नागमोडी राहिली. ती बघायला गावोगावचे लोक यायचे.

(ताई खाकरल्या. मी म्हटलं ना, हवा कोरडी आहे.)

माझं काम कापण्याचं. कापायचं काय, तर माणसाच्या शरीरातून काढलेला इवलासा तुकडा. सगळ्या प्रकारचे तुकडे मी कापले, पण माझं नाव झालं ते मूत्रपिंडांमुळे.

तुमच्या पाठीत, कमरेच्या थोडं वर, दोन्ही बाजूंना एकेक मूत्रपिंड आहे. तुमच्या मुठीएवढं. चाचपू नका, हाताला लागणार नाही. दिवसभर, तुम्ही खेळत असा की झोपलेले असा, ते तुमचं रक्त गाळत बसतं. एकेका मूत्रपिंडात दहा लाखांच्या आसपास गाळण्या असतात, डोळ्याला न दिसणाऱ्या. दात दुखला की तो घर डोक्यावर घेतो. पोट बिघडलं की साऱ्या घराला कळतं. मूत्रपिंडाचं तसं नाही. ते मुकाट्याने काम करतं आणि बहुतेक वेळा मुकाट्यानेच बिघडतं. रक्त आणि लघवी तपासून डॉक्टरांना एवढं कळतं की आत काहीतरी चुकतंय. नेमकं काय, ते कळायला कधीकधी आत डोकवावं लागतं. मग डॉक्टर ती जागा बधिर करून पाठीतून एक सुई घालतात आणि तुकडा काढतात. त्याला बायोप्सी म्हणतात. तुकडा केवढा? पेन्सिलीतल्या शिशापेक्षा बारीक आणि नखाएवढा लांब. एवढ्याशा तुकड्यात दहा लाखांपैकी दहा-वीस गाळण्या आल्या तरी नशीब.

तो तुकडा मेणात बसवतात. त्या मेणाच्या वडीला इथे सगळे ब्लॉक म्हणतात. ताई वडी बर्फावर गार करायच्या, माझ्या चिमट्यात घट्ट आवळायच्या आणि चाक फिरवायच्या. एका फेऱ्याला माझा स्क्रू वडीला दोन मायक्रॉन पुढे सारायचा, वडी पात्यावरून खाली उतरायची आणि एक काप निघायचा. दोन मायक्रॉन म्हणजे किती? तुमच्या डोक्यावरचा एक केस घ्या, त्याचे उभे पस्तीस पापुद्रे करा. त्यातला एक.

एकदा तर मी इतका पातळ काप काढला की त्याला एकच बाजू होती. दुसरी बाजू शोधायला ताई अर्धा दिवस भिंगाखाली बसल्या होत्या. आणखी एकदा ऐन कापताना कुणालातरी शिंक आली आणि नऊ काप उडून छताला चिकटले. पुढचे आठ दिवस डॉक्टर शिडीवर चढून रोग ओळखायचे.

बरं, हे राहू द्या. पुढचं नीट ऐका, ते गोष्टीला लागणार आहे.

काप एकामागून एक चिकटून त्यांची पट्टी होते. ताई ती ओल्या कुंचल्याने उचलून कोमट पाण्यावर सोडायच्या. पट्टी पाण्यावर पसरली की खालून काच घालून तिला अलगद वर घ्यायच्या. मग तिला रंग द्यायचा, कारण रंगाशिवाय काचेवर काही दिसतच नाही. रंगवलेली काच जायची शेजारच्या खोलीत भिंगसरांकडे. भिंगसर म्हणजे सूक्ष्मदर्शकातून तुकडे वाचणारे डॉक्टर. दिवसभर भिंगाला डोळा लावून त्यांच्या भुवईला खाच पडली होती. ते कधीकधी दारातून ओरडायचे, "ताई, आज एक सुरकुती नाही कापावर! म्हातारबाला माझा नमस्कार सांगा." म्हातारबा म्हणजे मी. आणि ताई खरोखर माझ्याजवळ येऊन सांगायच्या, "सरांनी नमस्कार सांगितलाय रे." अशी माणसं मिळायला भाग्य लागतं, मित्रांनो.

ताईंची एक सवय होती. मूत्रपिंडाची वडी आली की त्या हव्या तेवढ्याच पट्ट्या काढून थांबायच्या नाहीत. मधल्या सगळ्या पट्ट्याही काचांवर घ्यायच्या, त्यांवर आकडे घालायच्या आणि न रंगवता खोक्यात ठेवून द्यायच्या. त्यांचं म्हणणं असं, की वडी चिमट्यातून एकदा काढली आणि पुन्हा लावली, तर ती पहिल्यासारखी कधीच बसत नाही. केसभर तरी तिरकी होतेच. मग ती सरळ होईपर्यंत वीस-पंचवीस काप वाया जातात, आणि एवढ्याशा तुकड्यात वीस काप म्हणजे चैन झाली. त्यापेक्षा पहिल्या बैठकीतच सगळं साठवावं.

पण त्यामुळे खोकी झाली छतापर्यंत. प्रयोगशाळेत झाडलोट करणाऱ्या मावशी होत्या, त्यांचा नि ताईंचा यावरून रोज सकाळी वाद.

"ताई, या काचांवर काही दिसत नाही, काही नाही. उबवायला ठेवल्यात का? अंडी घालणारेत?"

"मावशी, हात लावायचा नाही हं."

"मी नाही लावत. पण खोकं अंगावर पडून मेले तर भूत होऊन याच खोलीत झाडू मारीन, सांगून ठेवते."

"मारा की. निदान कोपरे तरी निघतील."

मग दोघी हसायच्या आणि एकाच डब्यातलं खायच्या.

एका वर्षी मावशींची मुलगी आजारी पडली. अकरा वर्षांची, दोन वेण्यांची, सदा खिडकीच्या कठड्यावर बसून तोंडाने गाडी चालवणारी. आधी तिचा घसा दुखला आणि बराही झाला. पंधरा दिवसांनी सकाळी उठली तो चेहरा सुजलेला, डोळे मिटल्यासारखे, आणि लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा. तिला तीन मजले वर दाखल केलं.

डॉक्टर म्हणाले, घसा दुखून गेल्यावर मुलांना असं होतं आणि बहुतेक मुलं आपसूक बरी होतात, नुसती देखरेख लागते. पण हिचं रक्त रोज तपासलं तर आकडे रोज वाईट. हुबेहूब असंच दिसणारं दुसरं एक दुखणं असतं. त्यात गाळणीच्या आत पेशींचा ढीग साचतो, चंद्रकोरीच्या आकाराचा, आणि तो गाळणीचा गळा आवळतो. त्यात वाट बघत बसलं तर मूत्रपिंडं कायमची जातात. त्यावर औषधं आहेत, पण ती इतकी जबर की उगाच कुणी देणार नाही. बाहेरून बघून दोन्हींतलं कुठलं ते सांगता येईना. म्हणून सोमवारी तिची बायोप्सी झाली आणि मेणाची वडी माझ्याकडे आली.

त्या दिवशी ताईंनी चाक असं फिरवलं, असं फिरवलं, की एकही पट्टी तुटली नाही. सहा काचा रंगवायला गेल्या. चोवीस बिनरंगाच्या खोक्यात गेल्या.

आणि मंगळवारी कार्यालयाचा हुकूम आला. तपासणीला बाहेरचे साहेब येणार आहेत, सगळी खोकी बाहेर काढा, निकाली काढा. ताई भांडल्या, पण हुकूम तो हुकूम. आठवडाभर आधीपासून कपाटं आवरून त्या मेटाकुटीला आल्याच होत्या. त्यांनी खोकी उचलून दाराबाहेर ठेवली, सोमवारचंही त्यातच गेलं. मावशी तेवढ्या दिवसांत सकाळी तासभर कामाला येत आणि उरलेला दिवस मुलीजवळ बसत. बुधवारी ताई आल्या तेव्हा दाराबाहेरची जागा रिकामी होती.

त्याच सकाळी भिंगसर हातात काच घेऊन आले. "ताई, यात चारच गाळण्या आहेत, त्यांतल्याही दोन काठावर अर्ध्या कापलेल्या. एकीत मला चंद्रकोरीचा संशय येतोय. पण एका गाळणीवरून त्या पोरीला एवढी जबर औषधं देऊ? मला आणखी काप हवेत. आजच."

ताईंनी रिकाम्या जागेकडे पाहिलं. मग उरलेली वडी काढली.

आता इथे एक सांगायचं राहिलं. नेमकं त्याच आठवड्यात, साहेबांना दाखवायला म्हणून, प्रयोगशाळेत एक नवं यंत्र आलं होतं. विजेवर चालणारं, पांढरंशुभ्र, कपाळावर बटणांची ओळ. मी तिचं नाव बटणराणी ठेवलं. मला झाकण घालून कोपऱ्यात सारलं होतं.

(ताई खाकरल्या. जरा जास्तच खाकरल्या. सुयांचा आवाजही थांबला आहे. असो.)

तर ताईंनी वडी लावली ती बटणराणीला. मी झाकणाखालून ओरडत होतो, "ताई, तिला देऊ नका, ती नवी आहे, तिला हाताची पारख नाही!" पण झाकणातून आवाज कुठला पोचतो. वडी बसली केसभर तिरकी, ताईंच्या अंदाजाप्रमाणेच. त्या हलक्या हाताने ती सरळ करत होत्या. इतक्यात त्या नटव्या यंत्राच्या पोटातला स्क्रू सटकला. दोन मायक्रॉनच्या जागी वडी एकदम केवढीतरी पुढे आली आणि पात्यावरून गेली. खर्रकन आवाज झाला. ताईंनी पट्टी पाण्यावर सोडली. पाण्यावर नुसतं मेण तरंगत होतं. तुकडा संपला होता.

भिंगसर आले, त्यांनीही पाण्यात पाहिलं. "पुन्हा सुई घालता येईल का, विचारतो," म्हणाले. वरून उत्तर आलं, की मुलीचा रक्तदाब फार चढलाय, आता सुई घातली तर आत रक्त वाहील. दाब उतरेपर्यंत काही दिवस थांबावं लागेल. आणि दिवसच तर तिच्यापाशी नव्हते.

ताई जिना चढून वर गेल्या. जे झालं ते मावशींना तोंडावर सांगायला. हे मी पाहिलं नाही, पण जिन्याने मला सांगितलं, आणि जिना खोटं बोलत नाही.

मावशी खाटेपाशी बसून मुलीच्या वेण्या घालत होत्या. ताई म्हणाल्या, "मावशी, माझ्या हातून तुकडा गेला. काही उरलं नाही. काचा होत्या, त्याही कालच फेकल्या गेल्या."

मावशींनी वेणी धरूनच वर पाहिलं. "कुठल्या काचा? त्या अंड्यांच्या?"

"हो."

"त्या कुठे फेकल्या? झाडूच्या कपाटात आहेत, पोछ्याच्या बादल्यांमागे."

"पण हुकूम होता ना?"

"हुकूम मलाही होता. दोन खोकी कचऱ्याच्या गाडीपर्यंत नेली पण. मग म्हटलं, ही बाई एवढ्या वर्षांचं उबवतेय, नि मी एका सकाळीत फेकू? उद्या ताई रडत बसतील, मग माझ्याशी भांडायला कोण उरणार?" मग त्यांचा आवाज बदलला. "ताई... त्यात हिच्यापण आहेत?"

ताई तोवर दाराबाहेर पोचल्या होत्या. सांधे दुखणाऱ्या त्या बाई तीन मजले एका दमात उतरल्या. इतक्या वेगाने, की त्यांचे जोडे दोन मिनिटांनी मागून आले.

चोवीस काचा. ताईंनी त्या चांदीच्या रंगात रंगवल्या, ज्यात गाळण्यांच्या भिंती काळ्या रेघांनी उमटतात. भिंगसरांनी भिंगाला डोळा लावला तो उठवलाच नाही. मधल्या काचांवर नव्या अकरा गाळण्या सापडल्या. पूर्ण, अख्ख्या. आणि अकरांपैकी सात गाळण्यांत चंद्रकोर.

सर खुर्ची मागे सारून उठले आणि स्वतःच वर धावले. जबर औषधं त्याच दुपारी सुरू झाली. पहिले चार दिवस आकडे वाढतच राहिले. पाचव्या दिवशी थांबले. नवव्या दिवशी खाली आले. मावशी खाली येऊन दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आज लघवी नुसती पाण्यासारखी झाली हो!" लघवीची बातमी ऐकून पाच माणसं एकदम रडलेली मी तेव्हाच पाहिली.

मुलगी हळूहळू पूर्ण बरी झाली. आजही वर्षातून दोनदा तपासणीला येते आणि आकडे चांगले असतात. ती कोण, माहीत आहे? जी तुम्हाला पट्टा बांधल्याशिवाय बस हलवत नाही, ती. तुमच्या हॉर्नताई! तोंडाने गाडी चालवायची सवय होती ना, ती अशी कामाला आली.

माझ्या वाट्याला मात्र अडगळीची खोली आली. तीन वर्षं मोडक्या खुर्च्यांखाली होतो. तिथे एका उंदराला मी कापायला शिकवलं, पण त्याचे काप जाड यायचे. मग ताईंनीच भांडून मला या कपाटात आणवलं. मी कृतज्ञ आहे, मित्रांनो. त्या एकडोळ्या कारागिराचा, नमस्कार पाठवणाऱ्या सरांचा, झाडूच्या कपाटाचा आणि आमच्या मावशींचा. आता शेवटचं मागणं तेवढं ऐका. जुन्या यंत्रांना अडगळीत टाकू नका. आणि या नव्या, चकचकीत, बटणांच्या यंत्रांवर डोळे मिटून कधीही...

"आजोबा, थांबा. हे चुकतंय."

पुढच्या रांगेतली चष्मेवाली मुलगी. ती माझ्याकडे बघतच नव्हती. माझ्या डोक्यावरून भिंतीकडे बघत होती.

"फोटोखाली लिहिलंय," ती म्हणाली आणि मोठ्याने वाचू लागली. "नव्या मायक्रोटोमचे स्वागत. फीत कापताना आमच्या मावशींची मुलगी, आजारातून बरी होऊन दोन वर्षे पूर्ण." मग तिने बोट रोखलं. "या तर हॉर्नताई! केवढ्या लहान दिसतायत. आजारातून उठून दोन वर्षं झाल्यावर नवं यंत्र आलं, तर त्या बुधवारी ते इथे कसं असेल? तुम्ही खोटं बोलताय!"

सगळी मुलं माझ्याकडे वळली. माझं चाक जागच्या जागी थिजलं.

ताईंनी विणकाम मांडीवर ठेवलं. "सांगतोस, का मी सांगू?"

मी खाकरायला गेलो, पण मला घसाच नाही.

"वडी यानेच खाल्ली," ताई म्हणाल्या. "याचाच स्क्रू सटकला. पण त्या कपाटं आवरायच्या नादात आठ दिवस मी याला तेल घातलं नव्हतं. म्हणजे निम्मी मीच खाल्ली."

"मग याला तेव्हाच भंगारात का नाही दिलं?" चष्मेवालीने विचारलं.

"अगं, झाडूच्या कपाटातल्या त्या चोवीस काचा आठव. त्यांवरचे काप सोमवारी काढले कुणी?" ताईंनी कपाटाच्या काचेवर बोटाने टकटक केलं. "यानेच. एक सुरकुती नव्हती."

बाहेर हॉर्न वाजला. वरच्या मजल्यावर नक्कीच कुणीतरी उठून बसलं असणार. मुलं धावत सुटली.

खोली रिकामी झाल्यावर ताईंनी कपाट उघडलं, पिशवीतून तेलाची कुपी काढली आणि माझ्या स्क्रूवर दोन थेंब सोडले. वीस वर्षांत मी एकही काप काढलेला नाही. तरी दर सहलीला त्या येतात आणि दोन थेंब घालतात. यावर तरी विश्वास ठेवा, मित्रांनो.